शयनगृहातील टीव्ही : किती इंच, किती ठिपके?

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले. त्यांच्या सासूबाईंचे वय ७६. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता त्यांचे चालणे वॉकरच्या आधाराने खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच उरले आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, तरीही चष्म्यासह दृष्टी ६/१२ एवढीच आहे. सकाळचे प्रवचन, दुपारची एक मालिका आणि सायंकाळच्या बातम्या त्या सध्या मोबाइल नाकाशी धरून पाहतात. त्यांच्या खोलीत टीव्ही घ्यावयाचा आहे आणि तेवढ्यावरून घरात तीन पक्ष झाले आहेत. यजमान म्हणतात, आईसाठी घ्यायचा तर ५५ इंची फोर-केच घेऊ. धाकटे दीर म्हणतात, एका माणसासाठी ३२ इंची पुष्कळ झाला. स्वतः पत्रलेखिकेच्या मते शयनगृहात टीव्ही नकोच. चार वर्षांचा नातू आजीजवळ निजतो. शिवाय टीव्ही आत गेला की घरातल्या कोणाचे पाऊल त्या खोलीकडे वळणार नाही, ही त्यांची खरी भीती आहे.

पत्र मनापासून लिहिलेले आहे. त्यात एकच गोष्ट आढळली नाही : सासूबाईंना काय हवे आहे. घरातील तिघांचे मत आले, जिच्यासाठी खरेदी व्हावयाची तिचे आले नाही. सासूबाईंना विचारून ठरवता येईल आणि त्यासाठी दुकानात जाण्याचीही गरज पडणार नाही, असा एक उपाय पुढे सांगणार आहे. परंतु त्याआधी थोडे गणित.

ताई, प्रथम शिवणकामाची नव्हे, सुताराची मोजपट्टी घ्या. खोली १० फुटांची आहे असे आपण लिहिले आहे. पण टीव्हीला खोलीच्या लांबीशी कर्तव्य नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर किती, हा प्रश्न आहे. सासूबाई पाठीशी दोन उशा घेऊन पलंगावर बसल्या की त्यांचा डोळा डोक्याकडील भिंतीपासून साधारण दोन फूट पुढे येतो. समोरच्या भिंतीवरचा टीव्ही स्टँडसह अर्धा फूट जागा घेतो. म्हणजे उरले साडेसात फूट. या लेखातील सारे हिशेब याच अंतराचे आहेत. इतर वाचकांनी आपापले अंतर मोजून ते जुळवून घ्यावेत.

टीव्हीचे इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण खरेदीच्या वेळी ते विसरले जाते. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. ४३ इंची ९५ रुंद आणि ५३ उंच, तर ५५ इंची १२२ रुंद आणि ६८ उंच. कर्ण वाढतो त्याहून क्षेत्रफळ पुष्कळ वेगाने वाढते. ३२ आणि ५५ या आकड्यांत दुपटीचेही अंतर नाही, पण ५५ इंची पडदा ३२ इंचीच्या जवळजवळ तिप्पट जागा व्यापतो.

आता ठिपक्यांविषयी. दुकानदार ज्यास रिझोल्यूशन म्हणतो ती म्हणजे पडद्यावरील प्रकाशठिपक्यांची संख्या. एचडी रेडी संचात आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. फुल एचडीत १९२० आणि १०८०, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख. फोर-केमध्ये ३८४० आणि २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. २१ लाखांपेक्षा ८३ लाख चांगले, असा आपला सरळ व्यापारी हिशेब होतो. परंतु डोळ्यालाही काही मर्यादा आहे. निरोगी, म्हणजे ६/६ दृष्टीचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा वेगळा ओळखू शकतो. आपल्या जुन्या गणितात या साठाव्या भागाला 'कला' असे फार सुंदर नाव आहे. साडेसात फुटांवर ही एक कला म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरहून थोडे कमी, नेमके सांगायचे तर ०.६६ मिलिमीटर. याहून लहान ठिपके शेजारी शेजारी असले, तर ते निरोगी डोळ्यालाही सुटे दिसत नाहीत. एकसंध चित्रच दिसते.

मग एकेका संचाचा ठिपका किती मोठा असतो ते पाहू. ३२ इंची एचडी रेडीचा ०.५२ मिलिमीटर. ४३ इंची फुल एचडीचा ०.५०. तोच ४३ इंची फोर-के घेतला तर ०.२५. आणि ५५ इंची फुल एचडीचा ०.६३. साडेसात फुटांवर हे चारही ठिपके डोळ्याच्या मर्यादेच्या आतच आहेत. याचा अर्थ असा, की पलंगावरून पाहताना ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची फोर-के यांतील ठिपक्यांचा फरक यजमानांच्या उत्तम डोळ्यांनाही जाणवणार नाही. अपवाद एकच : ४३ इंची एचडी रेडी. त्याचा ठिपका ०.७० मिलिमीटरचा, म्हणजे मर्यादेच्या किंचित बाहेर; तरुण डोळ्याला अक्षरांच्या कडा जराशा खडबडीत वाटू शकतील.

"टीव्हीजवळ बसू नका, डोळे जातील" असे लहानपणी सर्वांनीच ऐकले आहे. त्या काळच्या काचेच्या डब्यातील चित्र ६२५ रेषांच्या पद्धतीचे होते. जवळून पाहिले तर रेषाच मोजता येत. दूर बसण्यात तेव्हा खरोखर लाभ होता. १९८७ साली रविवारी सकाळी अर्धी आळी एका टीव्हीपुढे बसे, तेव्हा मागच्या रांगेतल्यांना चित्र पुढच्यांपेक्षा गुळगुळीत दिसत असणार! आजच्या पडद्याला त्या अंतराची गरज नाही.

हे झाले निरोगी डोळ्याचे. सासूबाईंची दृष्टी ६/१२ आहे. जे अक्षर निरोगी डोळा १२ मीटरवरून ओळखतो, ते ओळखण्यास त्यांना ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते, असा त्याचा अर्थ. म्हणजे त्यांच्या डोळ्याची मर्यादा एक कला नसून दोन कला आहे. साडेसात फुटांवर १.३३ मिलिमीटर. फोर-केचा पाव मिलिमीटरचा ठिपका या डोळ्यापुढे ठेवणे म्हणजे सुईच्या टोकावरची नक्षी चष्म्याविना दाखवण्यासारखे आहे. ५५ इंची फोर-केसाठी जे जास्तीचे पैसे पडतील, त्यांतील 'फोर-के'चा वाटा सासूबाईंच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणारच नाही.

पण 'इंचां'चा वाटा पोहोचतो, आणि इथे यजमानांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. क्षीण दृष्टीला अधिक ठिपके नकोत, मोठे अक्षर हवे. साडेसात फुटांवरून ६/१२ दृष्टीला जेमतेम ओळखू येणारे अक्षर सुमारे साडेसहा मिलिमीटर उंचीचे असते. जेमतेम ओळखू येणे म्हणजे वाचणे नव्हे. डोळ्यांना ताण न पडता वाचण्यासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट उंची हवी, म्हणजे १३ ते २० मिलिमीटर. समजा, बातम्यांच्या खालच्या पट्टीतील अक्षर पडद्याच्या उंचीच्या पंचविसाव्या भागाएवढे आहे. मग ३२ इंचीवर ते १६ मिलिमीटरचे होईल, ४३ इंचीवर २१ आणि ५५ इंचीवर २७. शिवाय आपली देवनागरी! रफार, अनुस्वार, वेलांटी आणि उकार या साऱ्यांना अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी दाटीवाटीने बसावे लागते. इंग्रजी अक्षर ज्या मापात वाचता येते, त्याच मापात 'कर्ज' आणि 'कज' यांतला भेद हरवतो. ३२ इंची संच सासूबाईंना अपुरा पडेल असे मला वाटते ते या कारणाने. धाकट्या दिरांचा 'एका माणसासाठी' हा हिशेब पाहणाऱ्यांची डोकी मोजतो. मोजायला हवी ती पाहणारीची दृष्टी.

मग ५५ का नको? चित्रपट रंगून पाहावयाचा असेल तर पडदा डोळ्यापुढे सुमारे ३० अंशांचा कोन व्यापणारा असावा, असे या क्षेत्रातील अभियंते मानतात. साडेसात फुटांवर ५५ इंची पडदा नेमका तेवढा कोन व्यापतो. स्वतःच्या शयनगृहात रात्री चित्रपट पाहणाऱ्या जोडप्याने ५५ घेतला तर मी त्यांस दोष देणार नाही, आणि त्या मापात फोर-के घेण्यासही थोडा अर्थ आहे. सासूबाई मात्र चित्रपट पाहत नाहीत. त्यांचे प्रवचन, मालिका आणि बातम्या डिशवरून किंवा केबलवरून येणार, आणि या वाहिन्यांपैकी बऱ्याच आजही जुन्या साध्या दर्जाच्या, म्हणजे एसडी असतात. मोफत मिळणाऱ्या डीडी फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्याही तशाच. एसडी चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, एकूण चार लाखांहून थोडे अधिक. फोर-केचा पडदा बरोबर त्याच्या वीसपट ठिपक्यांचा. टीव्हीला एका ठिपक्यावरून आजूबाजूचे एकोणीस अंदाजाने भरावे लागतात, आणि अंदाज तो अंदाजच. वाटीभर दुधात घागरभर पाणी घालून ते चांदीच्या तांब्यात दिले, तरी दूध वाटीभरच राहते.

आता एक गमतीचा योग पाहा. एसडी वाहिनी ४३ इंची पडद्यावर पसरली की तिचा एक ठिपका १.३२ मिलिमीटरचा होतो. सासूबाईंच्या डोळ्याची मर्यादा १.३३. म्हणजे साडेसात फुटांवरून ४३ इंची पडद्यावरची साधी वाहिनीसुद्धा त्यांना धूसर दिसणार नाही. तीच ५५ इंचीवर नेली की ठिपका पावणेदोन मिलिमीटरच्या जवळ जातो आणि महाराजांच्या मुद्रेच्या कडा विरघळू लागतात. तेव्हा माझे मत ४३ इंचांकडे झुकते. फुल एचडी पुरेसा आहे. त्या मापात बाजारात आता फोर-के संचच अधिक दिसतात. किंमत तेवढीच असेल तर घ्यावा, त्याने अपाय नाही. मात्र त्या दोन अक्षरांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. लहान संचांवर तो आधीपासून १८ टक्के होता. मोठा संच घेताना कराचा जो जादा भुर्दंड पडे, तो आता उरलेला नाही.

परंतु माझे मत बाजूला ठेवू. आपल्या दिवाणखान्यात ३२ इंची टीव्ही आहे असे आपण लिहिले आहे. तो एका रविवारी सकाळी सासूबाईंच्या खोलीत न्या आणि टेबलावर त्यांच्या डोळ्यापासून साडेसात फुटांवर ठेवा. भिंतीवर ३२ इंची टांगला तर जसा दिसेल तसाच तो दिसेल. मग टेबल पुढे सरकवा. साडेपाच फुटांवर आला की तोच संच डोळ्याला साडेसात फुटांवरच्या ४३ इंचीएवढा भासतो. आणखी पुढे, सुमारे साडेचार फुटांवर आणा. आता तो ५५ इंची झाला. प्रत्येक ठिकाणी त्यांची नेहमीची वाहिनी लावा, बातम्यांची पट्टी वाचायला सांगा, अर्धा तास पाहू द्या आणि मग विचारा. दुकानात हा अनुभव मिळत नाही. तिथे आपण चार फुटांवर उभे असतो, पडद्यावर मुद्दाम तयार केलेली फुलांची आणि समुद्राची चित्रे चाललेली असतात, आणि रंग-तेज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेले असते. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा प्रकार 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' करावा आणि प्रकाश उतरवावा.

या प्रयोगातून कदाचित असेही निघेल, की साडेपाच फुटांवरचा ३२ इंचीच त्यांना पुरतो. तसे असल्यास भिंतीपासून पुढे ओढता येणारा स्टँड लावून काम भागेल. फक्त वॉकरच्या वाटेत तो येत नाही ना, हे पाहावे. पडलेल्या माणसाच्या घरात वाटेवर पुढे आलेली कोणतीही वस्तू मला नको वाटते.

उंचीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण भिंतीवर टीव्ही लावणारा कारागीर दिवाणखान्याच्या सवयीने भोके पाडून मोकळा होतो. खुर्चीवर ताठ बसणाऱ्यासाठी पडद्याचा मध्य डोळ्याच्या पातळीत असणे योग्य. पाठ मागे टेकून बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र किंचित वर वळलेला असतो. टीव्ही खाली असला तर त्याला हनुवटी छातीशी आणून पाहावे लागते, मान दुखते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुहेरी चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. टेकून बसून खालचा पडदा पाहताना नजर त्याच भागातून जाते आणि उत्तम टीव्हीसुद्धा अंधूक दिसतो. अशा वेळी डोळे तपासायला नेले जाते, टीव्ही बदलला जातो. भोके तेवढी तिथेच राहतात. सासूबाई टेकून बसल्या असता त्यांचा डोळा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, साधारण साडेतीन फूट भरेल. पडद्याचा मध्य त्याहून सुमारे एक फूट वर ठेवा आणि पडदा जरासा खाली झुकवा. समोर खिडकी असेल तर दुपारी तीनला आरसा धरून पाहा. आरशात जे चकाकेल तेच पडद्यावर चकाकणार आहे.

आता आपला आक्षेप. नातवाच्या बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ पडद्यापुढे बसून राहू नये, कमी असेल तितके बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. आजीचे दिवसाचे तीन कार्यक्रम नातवाने बाजूला बसून पाहिले तर हा तास सकाळीच संपतो. त्याची झोपण्याची वेळ आणि टीव्हीची वेळ एकत्र येऊ देऊ नये. शक्य असेल तर निजणेच दुसऱ्या खोलीत करावे. टीव्हीत ठरावीक वेळेने आपोआप बंद होण्याची सोय असते, ती लावून द्यावी. आवाजासाठी बिनतारी हेडफोन सासूबाईंना चालत असेल तर उत्तमच. पातळ संचांचे स्पीकर बहुधा पाठीमागे किंवा तळाशी असतात आणि म्हाताऱ्या कानाला त्यातले शब्द कळत नाहीत, मग आवाज वाढतो आणि घर चिडते. फोर-केचे वाचलेले पैसे छोट्या साउंडबारवर खर्च करावेत हे अधिक शहाणपणाचे.

दुसरी भीती, की त्या खोलीकडे कोणी वळणार नाही, ती टीव्ही न घेतल्याने दूर होईल असे मला वाटत नाही. आज टीव्ही नाही, तरी दुपारी त्या मोबाइल घेऊन एकट्याच असतात, हे आपल्याच पत्रात आहे. मी आपल्या जागी असते तर पलंगाच्या बाजूला दोन खुर्च्या कायमच्या ठेवल्या असत्या आणि सायंकाळच्या बातम्या सर्वांनी त्याच खोलीत पाहाव्यात असे ठरवले असते. तसे ठरले तर खरेदीवरही त्याचा परिणाम होतो. पडद्याच्या काचेमागील पटलाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. व्हीए पटलात काळा रंग गडद दिसतो, अंधाऱ्या खोलीत चित्र खुलते. परंतु बाजूने पाहिले तर रंग फिके पडतात. आयपीएस पटलात काळा रंग थोडा राखाडी वाटतो, पण बाजूला बसणाऱ्यालाही चित्र तसेच दिसते. सासूबाई एकट्याच पाहणार असतील तर व्हीए बरा. शेजारी माणसे बसणार असतील तर आयपीएस. दुकानात विचारल्यावर अनेकदा उत्तर मिळत नाही. तेव्हा पडद्यासमोरून सरळ चालत बाजूला जावे आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग कुठे उडतो ते पाहावे.

रिमोट मात्र आधी सासूबाईंच्या हातात द्या. बटणे मोठी, थोडी आणि अंधारात बोटांना कळणारी हवीत. सेट-टॉप बॉक्सचा दुसरा रिमोट आला की वृद्ध माणसाला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते; एकाच रिमोटवर दोन्ही चालतील अशी जोडणी करून देण्यास बसवणाऱ्यालाच सांगावे. आणि विजेचा पॉइंट टीव्हीच्या मागे, साडेचार फुटांच्या उंचीवर काढून घ्यावा, त्याचे बटण मात्र पलंगावरून हात पोहोचेल अशा ठिकाणी. हे काम टीव्ही येण्याआधी वीजकामगाराकडून करून घ्या. नंतर लोंबणारी वायर वॉकरच्या पायात येते.